बोटांचे ठसे आणि बुद्धीचे माप

आपल्याकडे पुस्तकांची परीक्षणे होतात, नाटक-सिनेमांची होतात, पाठ्यपुस्तकांचीही होतात. पण गेल्या काही वर्षांत नाशिकसारख्या शहरांतील पालक फार विश्वासाने जे वाचू लागले आहेत, त्या मजकुराचे परीक्षण सहसा कोणी करीत नाही. हा मजकूर म्हणजे मुलाच्या बोटांच्या ठशांवरून तयार केलेला ‘बुद्धिमत्ता अहवाल’. डर्मॅटोग्लिफिक्स मल्टिपल इंटेलिजन्स टेस्ट, थोडक्यात डीएमआयटी, या नावाने तो ओळखला जातो. शैक्षणिक मेळाव्यात, खासगी क्लासमध्ये, कधी शाळेच्याच सभागृहात मुलाच्या दहाही बोटांचे ठसे घेतले जातात. काही दिवसांनी तीस-चाळीस पानांचा, रंगीत आलेखांचा अहवाल घरी येतो. त्यासाठी पालकांनी काही हजार रुपये मोजलेले असतात.

मी मानसशास्त्रज्ञ नाही. पण मापन करणे हा माझ्या प्रयोगशाळेतील रोजचा उद्योग आहे आणि हा अहवाल मापनाचा दावा करतो. तेव्हा कोणत्याही मापनाला विचारावेत ते प्रश्न त्याला विचारणे योग्य ठरेल. ते विचारताना मानसशास्त्राच्या खऱ्या चाचण्यांनाही सूट देण्याचे कारण नाही.

अहवालात काय असते?

असे अहवाल साधारण एकाच साच्याचे असतात. सुरुवातीला मेंदूचे चित्र असते. अंगठा मेंदूच्या अगदी पुढच्या भागाशी, करंगळी मागच्या भागाशी आणि मधली बोटे मधल्या भागांशी जोडलेली दाखवतात. त्यानंतर डावा मेंदू किती टक्के, उजवा किती टक्के ते येते. मग आठ प्रकारच्या बुद्धिमत्तांची टक्केवारी येते. मूल पाहून शिकते, ऐकून शिकते की हाताने करून शिकते तेही दिलेले असते. काही अहवालांत मुलाचा स्वभाव गरुड, मोर, कबूतर किंवा घुबड अशा पक्ष्यांत बसवलेला असतो. शेवटी कोणते करिअर योग्य त्याची यादी असते.

यातील एकेक दावा तपासू. आठ बुद्धिमत्तांची कल्पना हॉवर्ड गार्डनर यांची. १९८३ साली त्यांनी सात बुद्धिमत्ता मांडल्या आणि पुढे निसर्गविषयक बुद्धिमत्तेची भर घातली. या मांडणीवर मानसशास्त्रज्ञांमध्ये आजही वाद आहेत, पण तिच्यात बोटांच्या ठशांना मुळीच स्थान नाही. ‘पाहून शिकणारे, ऐकून शिकणारे’ ही विभागणी तर आपल्या शिक्षक-प्रशिक्षणातही सर्रास सांगितली जाते. हॅरल्ड पॅशलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००८ साली या विषयावरील संशोधनाचा आढावा घेतला. मुलाच्या तथाकथित शैलीप्रमाणे शिकवले तर ते अधिक शिकते, असे दाखवणारा पुरेसा पुरावा त्यांना मिळाला नाही.

बोटे आणि मेंदूचे खंड यांची जोडणी तर शाळेतील जीवशास्त्रालाही धरून नाही. एका हाताच्या पाचही बोटांची स्पर्शसंवेदना मेंदूच्या विरुद्ध बाजूस, वरच्या भागातील एकाच पट्ट्यात, शेजारी शेजारी पोहोचते. अंगठ्याची पुढच्या खंडात आणि करंगळीची मागच्या खंडात अशी वाटणी नसते. मेंदूच्या मागच्या खंडाचे मुख्य काम दृष्टीचे आहे. करंगळीचा त्याच्याशी काही खास संबंध नाही.

ठशांचे खरे विज्ञान

डर्मॅटोग्लिफिक्स हा शब्द खोटा नाही. हॅरल्ड कमिन्स या अमेरिकी शरीररचनाशास्त्रज्ञाने १९२६ साली तो रूढ केला. डाउन सिंड्रोम असलेल्या मुलांच्या तळहातावरील रेषांची ठेवण बरेचदा वेगळी असते, हे त्यांनी १९३०च्या दशकात दाखवून दिले. अहवाल विकणारे याच गोष्टीचा आधार घेतात. पण एका गुणसूत्राच्या फरकाने शरीराच्या अनेक अवयवांवर परिणाम होतो आणि तळहात हा त्यांपैकी एक, एवढाच त्याचा अर्थ. त्यावरून निरोगी मुलाची संगीताची समज किती टक्के हे ठरत नाही. डाउन सिंड्रोमचे पक्के निदानही गुणसूत्रे तपासूनच होते.

दुसरा युक्तिवाद असा, की गर्भात त्वचा आणि मज्जासंस्था एकाच बाह्यस्तरापासून बनतात, म्हणून एकीवरून दुसरी वाचता येते. केस, नखे आणि दातांवरचे चकाकणारे आवरणही त्याच स्तरापासून बनते. नखे पाहून गणिताची बुद्धी सांगतो असे कोणी म्हटले तर आपण हसू. ठशांना मात्र स्कॅनर आणि संगणक लाभल्यामुळे हसू येत नाही, एवढाच फरक.

ठसे खरोखर कसे बनतात, हे आता बरेच उलगडले आहे. गर्भाच्या तिसऱ्या महिन्याच्या आसपास बोटांच्या टोकांवर उंचवटे उमटू लागतात आणि सहाव्या महिन्यापर्यंत नक्षी कायम होते. एडिंबरो येथील संशोधकांनी २०२३ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार, बोटाच्या गादीचा मध्य, नखाखालचा भाग आणि सांध्याची घडी अशा तीन ठिकाणांहून या उंचवट्यांच्या लाटा पसरत जातात. त्या कोठे व कधी एकमेकींना भिडतात यावर कमान, फास की भोवरा हे ठरते. चढाओढीने वागणारे रासायनिक संदेश अशी नक्षी घडवू शकतात, असे गणिती भाकीत ॲलन ट्युरिंग यांनी १९५२ सालीच केले होते. झेब्र्याच्या पट्ट्यांचेही स्पष्टीकरण याच विचाराने दिले जाते. या सुंदर गोष्टीत बोटाची लांबी-रुंदी आहे, गादीचा आकार आहे, वाढीची वेळ आहे. गणिताची आवड कोठे नाही.

आणखी एक गोष्ट शिक्षकांनी लक्षात ठेवण्यासारखी आहे. ठशांचे कमान, फास आणि भोवरा असे वर्गीकरण फ्रान्सिस गॉल्टन यांनी १८९२ सालच्या आपल्या पुस्तकात केले. माणसांची कुवत मोजण्याचे वेडही याच गॉल्टनना होते. बुद्धी आनुवंशिक असते असे ते हिरिरीने मांडत. त्यामुळे ठसे आणि बुद्धी यांचा संबंध सापडला असता तर सर्वाधिक आनंद त्यांनाच झाला असता. त्यांनी विज्ञानाचे व कलेचे विद्यार्थी, शेतमजूर आणि मतिमंद व्यक्ती यांचे ठसे घेऊन तुलना केली. त्यांना लक्षणीय फरक आढळला नाही आणि त्यांनी तसे छापले. आज जे विकले जात आहे ते सव्वाशेहून अधिक वर्षांपूर्वी तपासले गेले होते आणि नापास झाले होते.

तरीही अहवाल ‘बरोबर’ का वाटतो?

पालक म्हणतात, “अहो, पण अगदी आमच्या मुलाचेच वर्णन आहे!” या अनुभवाचे स्पष्टीकरण मानसशास्त्राकडेच आहे. बर्ट्रम फोरर या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने १९४८ साली आपल्या ३९ विद्यार्थ्यांची एक चाचणी घेतली आणि प्रत्येकाला त्याचे व्यक्तिमत्त्ववर्णन दिले. ते किती जुळते याला पाचपैकी गुण द्या, असे सांगितले. सरासरी चाराच्या वर गेली. नंतर कळले की सर्वांना एकच वर्णन दिले होते आणि त्यातील बरीच वाक्ये ज्योतिषाच्या एका पुस्तकातून घेतलेली होती.

हा प्रयोग नववी-दहावीच्या वर्गात सहज करता येतो. ‘तू मनाने हळवा आहेस, पण चारचौघांत ते दाखवत नाहीस’, ‘आवडीचे काम मिळाले तर तू तहानभूक विसरतोस, कंटाळवाणे काम मात्र टाळतोस’, ‘तुझ्यात जितकी क्षमता आहे तितकी अजून वापरली गेलेली नाही’ अशी दहा वाक्ये लिहा आणि एकच मजकूर वेगवेगळ्या नावांनी घडी घालून वाटा. मुलांनी गुण दिल्यावर एकाचा कागद दुसऱ्याला मोठ्याने वाचायला सांगा. वर्गात जो हशा पिकेल तो चाळीस मिनिटांच्या व्याख्यानापेक्षा अधिक शिकवून जाईल. मात्र खरे काय ते त्याच तासाला सांगा. मुलांना फसवणुकीच्या भावनेत घरी पाठवू नये.

मापनाला विचारायचे तीन प्रश्न

कोणत्याही मानसशास्त्रीय चाचणीला तीन प्रश्न विचारावेत. पहिला विश्वसनीयतेचा : तीच चाचणी पुन्हा घेतली तर उत्तर जवळपास तेच येते का? दुसरा सप्रमाणतेचा : जे मोजतो असे म्हणते तेच ती मोजते का? तिसरा मानकांचा : मुलाची तुलना कोणत्या मुलांशी केली आहे?

ठशांचा अहवाल पहिल्या प्रश्नात पैकीच्या पैकी गुण मिळवतो, कारण ठसे बदलतच नाहीत. त्यामुळेच तो फसवा आहे. मुलाचे वजन उत्तम काट्यावर वीस वेळा केले तर वीसही वेळा तोच आकडा येईल, पण त्यावरून त्याचे मराठीचे गुण कळणार नाहीत. काटा विश्वसनीय आहे, या कामासाठी सप्रमाण नाही. शिवाय शिक्षकाच्या दृष्टीने आणखी गंभीर दोष आहे. जे माप जन्माआधीच ठरले आणि मरेपर्यंत बदलत नाही, त्यात शाळेने केलेल्या कामाची नोंद होणारच कशी? स्टुअर्ट रिची आणि इलियट टकर-ड्रॉब यांनी २०१८ साली सहा लाखांहून अधिक व्यक्तींची आकडेवारी एकत्र तपासली. शाळेतील प्रत्येक जादा वर्षामागे बुद्धिगुणांक सुमारे १ ते ५ अंकांनी वाढतो, असा त्यांचा निष्कर्ष आहे. म्हणजे आपण वर्गात जे करतो त्याने बुद्धी घडते. ठशांचा अहवाल नेमके हेच नाकारतो.

आता हेच प्रश्न खऱ्या चाचण्यांना विचारू. आल्फ्रेड बिने यांनी १९०५ साली पॅरिसमध्ये पहिली बुद्धिमापन चाचणी तयार केली ती मागे पडणाऱ्या मुलांना मदत देता यावी म्हणून. परदेशी चाचणीचे नुसते भाषांतर करून भागत नाही. शब्द बदलला की प्रश्नाची काठिण्यपातळी बदलते. हे ओळखून व्ही. व्ही. कामत यांनी १९३०च्या दशकात तेव्हाच्या मुंबई इलाख्यातील धारवाड येथे कानडी आणि मराठी मुलांवर बिने चाचणी नव्याने बसवली. नागपूरला आर्थर मॅलिन यांनी १९६९ मध्ये वेक्स्लर यांच्या चाचणीचे भारतीय रूप सिद्ध केले. ही चिकाटीची कामे आहेत. एकेका प्रश्नामागे शेकडो मुलांची उत्तरे आहेत. अहवाल विकणाऱ्याने मांडलेल्या टक्केवारीमागे असे काय आहे, ते विचारून पाहावे.

पण आदर वाटतो म्हणून तिसरा प्रश्न टाळता येत नाही. बिने-कामत चाचणी अनेक दशके रुग्णालयांत, मार्गदर्शन केंद्रांत वापरली गेली. तिची मूळ मानके मात्र १९३०च्या दशकातील मुलांची. जेम्स फ्लिन यांनी १९८०च्या दशकात दाखवून दिले की अनेक देशांत पिढीगणिक अशा चाचण्यांतील गुण वाढत गेले आहेत. अमेरिकेत ही वाढ दर दहा वर्षांना सुमारे तीन अंकांची होती. आजच्या मुलाला आजोबा-पणजोबांच्या पिढीच्या फूटपट्टीने मोजले तर आकडा फुगून येतो. ज्याला खरोखर विशेष मदत हवी ते मूल ७० च्या रेषेच्या वर दिसू शकते आणि मदतीला मुकते. नाशिकमध्ये रजनीताई लिमये यांनी १९७७ साली प्रबोधिनीची विशेष शाळा सुरू केली. अशा शाळेची गरज कोणाला आहे हे ठरवताना आकड्याबरोबर मुलाचे रोजचे वागणे, स्वतःचे स्वतः करण्याची क्षमता हेही पाहावे लागते. जुन्या मानकांवरचा एकटा आकडा तेथे पुरत नाही.

कल चाचणीचे काय?

महाराष्ट्र शासनाने २०१६ पासून काही वर्षे दहावीच्या लाखो विद्यार्थ्यांची कल चाचणी घेतली. कृषी, कला व मानव्यविद्या, वाणिज्य, ललित कला, आरोग्य विज्ञान, तांत्रिक आणि गणवेशधारी सेवा अशी सात क्षेत्रे तिच्यात होती. हा उपक्रम ठशांच्या पंक्तीला बसवणे अन्यायाचे होईल. मुलाला त्याची आवड विचारली जात होती, त्याच्या बोटाला नाही. खासगी समुपदेशन न परवडणाऱ्या घरांपर्यंत मार्गदर्शनाची कल्पना पोहोचली, हेही थोडे नव्हे.

पण कल म्हणजे अभिक्षमता नव्हे. एखादी गोष्ट आवडणे आणि ती जमणे या दोन वेगळ्या बाबी आहेत आणि कागदावरचा एकच शब्द घरी निकालासारखा वाचला जातो. दुसरे असे की आवड अनुभवातून येते. सुरगाणा किंवा पेठ तालुक्यातील पंधरा वर्षांच्या मुलीने ललित कलेची शाळा किंवा प्रयोगशाळा कधी पाहिलीच नसेल, तर तिचा त्या क्षेत्राकडे कल नाही असे म्हणायचे, की तिला ते क्षेत्र दाखवले गेले नाही असे म्हणायचे? अशा चाचणीचा निष्कर्ष म्हणजे संभाषणाची सुरुवात समजावी. शिक्षकाने त्या कागदावर बोट ठेवून “हे तुला का आवडते?” असे विचारले तर चाचणी कामाला आली.

पडताळा कसा घ्यावा?

“तुम्ही आधीच नकार देता, तपासून तर पाहा,” असे डीएमआयटीवाले म्हणतील. तपासण्याची उत्तम रीत महाराष्ट्रातच घालून दिलेली आहे. २००८ साली जयंत नारळीकर, सुधाकर कुंटे, नरेंद्र दाभोलकर आणि प्रकाश घाटपांडे यांनी फलज्योतिषाची चाचणी घेतली. शंभर हुशार विद्यार्थ्यांच्या आणि शंभर मतिमंद मुलांच्या जन्मवेळांवरून कुंडल्या मांडल्या. कोणती कुंडली कोणाची हे ज्योतिषांना सांगितले नव्हते. प्रत्येकाला ४० कुंडल्या दिल्या आणि हुशार कोण, मतिमंद कोण एवढेच ओळखायला सांगितले. २७ ज्योतिषांनी उत्तरे पाठवली. बरोबर उत्तरांचे सरासरी प्रमाण ४६ टक्के आले. नाणे उडवले असते तर ५० टक्के मिळाले असते. हा अभ्यास २००९ मध्ये ‘करंट सायन्स’मध्ये प्रसिद्ध झाला.

त्यातले गणित अकरावी-बारावीच्या मुलांना करायला देण्यासारखे आहे. ४० वेळा नाणे उडवले तर सरासरी २० छाप पडतील आणि प्रमाण विचलन १० चे वर्गमूळ, म्हणजे सुमारे ३.१६ येईल. म्हणून २८ बरोबर उत्तरे ही यशाची खूण ठरवली होती. केवळ नशिबाने २८ किंवा जास्त येणे शंभरात एखाद्याच वेळी घडते. सर्वाधिक यश २४ चे होते आणि २७ माणसांत नशिबाने एखाद्याला तेवढे मिळणे मुळीच आश्चर्याचे नाही.

ठशांसाठी हीच रीत लावा. नावे झाकून ठसे द्या. ज्यांची गणिताची, संगीताची, खेळाची प्रगती वर्षानुवर्षे नोंदवलेली आहे अशा मुलांचे ठसे घ्या आणि कोणते कोणाचे ते ओळखू द्या. मुलाशी आणि पालकांशी गप्पा मारून मग अहवाल समजावून सांगणे ही चाचणी नव्हे. देशातील मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेने, इंडियन सायकियाट्रिक सोसायटीने, २०१९ मध्येच डीएमआयटीला शास्त्रीय आधार नसल्याचे जाहीर केले आहे. आता पुरावा देण्याची जबाबदारी विकणाऱ्याची आहे.

शाळेने काय करावे?

नुकसान केवळ पैशांचे असते तर एवढे लिहिले नसते. वर्गात एखादा मुलगा तोंडी उत्तरे चटकन देतो, पण वाचताना अडखळतो, अक्षरे गाळतो, लिहिताना रडकुंडीला येतो. ठशांचा अहवाल त्याच्या पालकांना सांगतो की याची भाषिक बुद्धी कमी, शारीरिक बुद्धी जास्त, याला खेळात घाला. पालकांचे समाधान होते आणि दोन वर्षे निघून जातात. खरे तर त्याचे डोळे आणि कान तपासायला हवे होते आणि त्यानंतर अध्ययन अक्षमतेची रीतसर तपासणी व्हायला हवी होती. अशा विद्यार्थ्यांना परीक्षेत सवलती देण्याची सोय महाराष्ट्रात १९९६ पासून आहे आणि २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात अध्ययन अक्षमतेचा समावेश झाला आहे. वेळेवर मदत मिळाली तर हा मुलगा वाचायला शिकतो. मानसशास्त्राचा खरा उपयोग तो हा. तो सावकाश होतो, त्यात रंगीत आलेख नसतात आणि त्याला शिक्षकाच्या निरीक्षणाची जोड लागते.

म्हणून शाळेच्या सभागृहात असा कार्यक्रम ठरण्यापूर्वी मुख्याध्यापकांनी चार गोष्टी लेखी मागाव्यात. ही चाचणी किती आणि कोणत्या मुलांवर प्रमाणित केली? तिची भाकिते खरी ठरल्याचा, नावे झाकून केलेला अभ्यास कोठे प्रसिद्ध झाला? चाचणी घेणाऱ्याचे मानसशास्त्रातील शिक्षण काय? आणि मुलांच्या दहाही बोटांचे ठसे नंतर कोठे, कोणाच्या ताब्यात राहणार? आधारपासून बँकेपर्यंत ओळख पटवायला लागणारे हे ठसे मुलाला बदलून मिळत नाहीत.

ज्या शिक्षकांनी वर्गात फोररचा प्रयोग करून पाहिला, त्यांनी मुलांनी दिलेले गुण आणि त्यांची सरासरी संपादकांकडे अवश्य कळवावी. एकाच जिल्ह्यातील दहा शाळांची आकडेवारी जमली तरी पालकसभेत दाखवायला एक चांगला तक्ता तयार होईल.